दृष्टीआडचा आखाडा : संगणकीय मोटारशर्यतींच्या ऑनलाइन अजिंक्यपद स्पर्धांची रचना आणि इतिहास

प्रस्तावना

करवीर तालुक्यातील कळंबा हे गाव तेथील तलाव आणि मध्यवर्ती कारागृह यांमुळे सर्वपरिचित आहे. कोल्हापूर शहराच्या याच दक्षिण भागात, संभाजीनगर परिसरात 'रेसकोर्स नाका' हे ठिकाण आहे. तेथे आज दुकाने, वसाहती आणि वाहनांची वर्दळ आहे. शर्यतीचे मैदान नाही. संस्थानकाळातील घोड्यांच्या शर्यतींची आठवण केवळ नावात उरली आहे. मैदान गेले तरी नाव राहिले, आणि नावामुळे मैदानाचा शोध घेण्यास अभ्यासकाला वाव राहिला. जागेशी बांधलेल्या खेळांच्या बाबतीत हे सहसा घडते.

गेल्या सुमारे तीन दशकांत मात्र शर्यतीचा असा एक प्रकार वाढीस लागला आहे की ज्याला जागाच नाही. स्पर्धक आपापल्या घरी, संगणकासमोर स्टिअरिंग व्हील व पेडल जोडून बसतात. प्रत्यक्ष मोटारीच्या गतिशास्त्राचे गणित संगणक करतो. आणि इंटरनेटद्वारे जोडलेले वीस-तीस स्पर्धक एकाच शर्यतीत धावतात. या प्रकाराला 'सिम रेसिंग' असे म्हणतात. त्याच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होतात, पंच असतात, तक्रारी होतात, शिक्षा होतात. प्रस्तुत लेखात या स्पर्धांची रचना कशी घडत गेली हे पाहावयाचे आहे. लेखाचा मुख्य रोख एका प्रश्नावर आहे : सर्वांनी मिळून पाहिलेली अशी एकच शर्यत जेथे अस्तित्वात नसते, तेथे निकालाला मान्यता कोठून मिळते? कोल्हापूरसारख्या, 'डोळ्यांदेखत' होणाऱ्या खेळांची दीर्घ परंपरा असलेल्या नगरीच्या संदर्भात हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो.

डोळ्यांदेखत होणारा निकाल

राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने उभे राहिलेले खासबाग कुस्ती मैदान १९१२ मध्ये खुले झाले. मध्यभागी खोलगट हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे कोठेही बसलेल्या प्रेक्षकाला कुस्ती दिसते. या वास्तुरचनेकडे क्रीडाइतिहासात सौंदर्याच्या किंवा आसनक्षमतेच्या अंगाने पाहिले जाते. पण तिचा न्यायाशीही संबंध आहे. निकाली कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. तो पंचाने जाहीर करण्यापूर्वीच हजारो लोकांनी पाहिलेला असतो. पंच चुकला तर मैदान त्याला तसे सांगते, आणि कोल्हापूरचे मैदान असे सांगताना फारसा संकोच करीत नाही.

बैलगाडी शर्यतींत हाच न्याय थोड्या वेगळ्या रीतीने चालतो. पुणे जिल्ह्यातील घाटांत एकेक बारी सोडून घड्याळावर वेळ मोजण्याची पद्धत आहे, तर दक्षिण महाराष्ट्रात अनेक गाड्या एकाच वेळी सोडून गट, उपान्त्य व अंतिम अशा फेऱ्या होतात. समबळांची लढत व्हावी म्हणून बैलांच्या दातांवरून 'आदत', 'दुसा', 'चौसा' असे वर्ग पाडतात. झेंडापंच निशाण टाकतो, शेवटच्या रेषेवरचा पंच निकाल देतो. पुढे ज्यांची चर्चा करावयाची आहे, त्या संगणकीय स्पर्धांतील जवळजवळ प्रत्येक घटकाचे मूळ रूप येथे दिसते : वेळेवरची चाचणी, एकत्रित धाव, वर्गवारी, सुटीचा अधिकारी, निकालाचा अधिकारी. फरक एवढाच की येथे सर्वजण एकाच धावपट्टीच्या कडेला उभे असतात.

दूर बनलेले नियम आणि गावात घडलेले कौशल्य यांची गाठ पडली की काय होते, याचाही अनुभव कोल्हापूरला आहे. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने. मातीत तयार झालेल्या या मल्लाला तेथे गादीवर, अपरिचित आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लढावे लागले, आणि तरीही त्यांनी सहावे स्थान मिळविले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि जाधव यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. कौशल्य स्थानिक, नियम परके आणि प्रवासखर्च हा मुख्य अडथळा, असे हे समीकरण होते. संगणकीय शर्यतीने त्यातील तिसरा घटक बराचसा सौम्य केला. पहिल्या दोहोंतील ताण मात्र तसाच राहिला, किंबहुना वाढला.

मोटारशर्यतीतील खर्चाचा अडसर कुस्तीहून कितीतरी मोठा आहे. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. ध्रुव मोहिते यांच्यासारखे चालक येथून राष्ट्रीय मालिकांत उतरले, तर कृष्णराज महाडिक यांनी ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत भाग घेतला. परंतु कार्टिंगच्या पुढची पायरी चढावयाची तर कोइमतूर किंवा चेन्नईचा मार्ग धरावा लागतो. नॉयडाजवळील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर २०११ ते २०१३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, त्याही महाराष्ट्राबाहेर. टायर, इंधन, यंत्रज्ञ, वाहतूक आणि मोडतोड यांचा खर्च पेलणारी कुटुंबे मोजकीच असतात. सिम रेसिंगमध्ये मोटार भिंतीवर आदळली तरी खर्च शून्य असतो. तिचे सामाजिक महत्त्व येथून सुरू होते.

खेळाकडून सदृशीकरणाकडे

संगणकावरील मोटारींचा खेळ जुना आहे. नाम्को कंपनीच्या 'पोल पोझिशन' (१९८२) या नाणे टाकून खेळावयाच्या यंत्राने जपानमधील फुजी सर्किट पडद्यावर आणले. पण तेथे मोटार ही एक हलणारी आकृती होती. १९८९ मध्ये अमेरिकेतील पॅपिरस या संस्थेने इंडियानापोलिस ५०० वर आधारलेले सदृशीकरण प्रसिद्ध केले, आणि जेफ क्रॅमंड यांच्या 'फॉर्म्युला वन ग्रां प्री' या कृतीने मोटारीचे वजन, पकड व वेग यांचा परस्परसंबंध गणिताने मांडण्याची दिशा दृढ केली. पॅपिरसचेच 'ग्रां प्री लेजेंड्स' (१९९८) हे १९६७ च्या मोसमाचे सदृशीकरण इतके कठोर होते की नवशिक्याला पहिली फेरी पूर्ण करणेही अवघड जाई. बाजारात त्याला बेताचेच यश मिळाले. पण ज्यांनी ते आत्मसात केले त्यांनी इंटरनेटवर आपापल्या लीग चालविल्या, नियमपुस्तिका लिहिल्या, गुणतक्ते ठेवले. ऑनलाइन अजिंक्यपदाची संस्थात्मक मुळे अशा हौशी, बिनपगारी आयोजकांच्या कामात आहेत. पुढे 'आरफॅक्टर' (२००५) या प्रणालीने कोणालाही नव्या मोटारी व मार्ग तयार करण्याची मुभा दिल्याने या लीगचा विस्तार झाला.

२००८ हे वर्ष दोन कारणांनी निर्णायक ठरले. पॅपिरसचे डेव्ह केमर यांनी जॉन हेन्री यांच्यासह उभारलेली 'आयरेसिंग' ही वर्गणी भरून वापरावयाची सेवा त्या वर्षी सुरू झाली. तिने स्पर्धेची व्यवस्था लीगच्या हातून काढून थेट प्रणालीत बसविली. त्याच वर्षी निसान आणि प्लेस्टेशन यांनी 'ग्रान टुरिस्मो' या खेळातील वेगवान खेळाडूंना खऱ्या मोटारीत बसविण्याची 'जीटी अकादमी' योजना सुरू केली. तिचे पहिले विजेते, स्पेनचे लुकास ओर्दोनेझ, यांच्या संघाने २०११ च्या ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरे स्थान मिळविले. ही योजना २०१४ मध्ये भारतातही राबविली गेली.

पडद्यावरचे कौशल्य खरे असते काय, या शंकेचे उत्तर अशा उदाहरणांनी बऱ्याच अंशी दिले. पण पूर्णपणे नव्हे. २०१० च्या पहिल्या आयरेसिंग जागतिक मालिकेचे विजेते, फिनलंडचे ग्रेगर हुट्टू, यांना त्याच वर्षी अमेरिकेत रोड अटलांटा येथे खरी शर्यतीची मोटार चालविण्यास दिली गेली. मार्ग त्यांना पाठ होता आणि वेग समाधानकारक होता. शरीराने मात्र साथ दिली नाही. वळणांवरील बलाने त्यांना उलट्या झाल्या. मनगट व डोळे तयार होते, मान आणि पोट तयार नव्हते.

एक शर्यत, अनेक दृश्ये

ऑनलाइन शर्यतीची तांत्रिक घडण समजून घेतल्याशिवाय तिच्या न्यायव्यवस्थेचे मर्म कळत नाही. सामान्यतः प्रत्येक स्पर्धकाचा संगणक केवळ त्याच्या स्वतःच्या मोटारीचे संपूर्ण गणित करतो. मोटारीची जागा, दिशा व वेग यांची माहिती तो मध्यवर्ती सर्व्हरला सेकंदाला अनेक वेळा पाठवितो, आणि सर्व्हर ती इतरांना पोहोचवितो. माहिती येण्यास वेळ लागतो. म्हणून इतरांच्या मोटारी 'आता कोठे असतील' याचा अंदाज बांधून त्या पडद्यावर दाखविल्या जातात. स्पर्धकाला स्वतःची मोटार वर्तमानात दिसते आणि शेजारच्याची मोटार अनुमानात.

या अनुमानाचे मोल आकड्यांत पाहता येते. ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे ६९ मीटर अंतर कापते. माहितीला १०० मिलिसेकंद उशीर झाला तर तेवढ्यात मोटार सुमारे ७ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे स्वतःच्या लांबीहून अधिक. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट हे सरळ अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास धरले, तर जाऊन-येऊन लागणारा वेळ तत्त्वतःसुद्धा ६५ मिलिसेकंदांखाली येऊ शकत नाही. केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात तो बराच अधिक असतो. मोटार सरळ जात असेल तोवर अंदाज चुकत नाही. तो चुकतो ब्रेक लागताना आणि वळणावर, म्हणजे नेमका जेथे एकमेकांना मागे टाकण्याचा प्रयत्न होतो तेथे. त्यामुळे एकाच्या पडद्यावर दोन मोटारींत हातभर अंतर असते, तर दुसऱ्याच्या पडद्यावर धडक झालेली असते. दोघेही खरे बोलत असतात.

निकाली कुस्तीशी तुलना केली तर येथील पेच स्पष्ट होतो. खासबागेत मतभेद झाला तर तो एकाच घटनेच्या दोन अर्थांविषयी असतो. येथे घटनाच दोन आहेत. त्यांतील एक अधिकृत मानावी लागते, आणि ती म्हणजे सर्व्हरची नोंद. युरोपपासून किंवा अमेरिकेपासून दूर राहणारा स्पर्धक या नोंदीत किंचित मागे, किंचित अस्थिर दिसतो. कोल्हापूरच्या मुलाने कितीही अचूक वळण घेतले तरी प्रतिस्पर्ध्याच्या पडद्यावर त्याची मोटार थरथरत जाण्याची शक्यता राहते. प्रवासखर्च वाचला, पण अंतर संपले नाही.

मानांकन, परवाना आणि पंच

या अनिश्चिततेवर संयोजकांनी शोधलेला उपाय म्हणजे प्रत्येक घटनेचा न्याय करण्याऐवजी प्रत्येक स्पर्धकाचा दीर्घकालीन लेखा ठेवणे. बुद्धिबळातील आर्पाड एलो यांची मानांकनपद्धती आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. आयरेसिंगचे कौशल्य-मानांकन त्याच विचारावर उभे आहे : बलवानाला हरविले तर अधिक गुण, दुर्बलाकडून हरले तर अधिक हानी. बुद्धिबळात दोनच खेळाडू असतात; येथे साधारणपणे असे मानले जाते की शर्यतीतील प्रत्येकाची इतर प्रत्येकाशी जणू स्वतंत्र लढत झाली. नव्या स्पर्धकाची सुरुवात १३५० या अंकाने होते. एखाद्या शर्यतीला साठ जणांनी नावे दिली आणि एका शर्यतीत वीसच मोटारी धावू शकत असतील, तर मानांकनाच्या क्रमाने तीन स्वतंत्र शर्यती लावल्या जातात. आदत बैल आदतांबरोबरच धावावेत, हा न्याय येथे दातांऐवजी अंकांनी साधला जातो.

दुसरा लेखा सुरक्षिततेचा. मोटार मार्गाबाहेर गेली तर १, ताबा सुटला तर २, डांबरी मार्गावर दुसऱ्या मोटारीशी जोराची धडक झाली तर ४, असे दोषांक पडतात, आणि पार केलेल्या वळणांच्या प्रमाणात त्यांचा हिशेब होऊन परवान्याची श्रेणी ठरते. नवशिक्याच्या परवान्यापासून ड, क, ब, अ अशी चढण असते. या पद्धतीतील लक्षणीय बाब अशी की धडकेचे दोषांक दोघांनाही सारखेच मिळतात. दोष कोणाचा याची प्रणाली चौकशीच करीत नाही. प्रथमदर्शनी हा उघड अन्याय वाटतो. मागून येऊन ठोकर देणारा आणि ठोकर खाणारा एकाच तराजूत कसे? याचे समर्थन संख्याशास्त्रीय आहे : शेकडो शर्यतींत निर्दोष चालकाच्या वाट्याला येणारे अपघात कमी असतील, आणि धोका ओळखून दूर राहणे हेही चालकाचे कौशल्यच आहे. एकेका प्रसंगात अन्याय पत्करून सरासरीत न्याय साधण्याची ही रीत आहे. विमा कंपनीला ती लगेच पटेल. तालमीतल्या वस्तादाला पटणे कठीण.

हेतुपुरस्सर दिलेल्या धडकेसाठी मात्र माणसाचा निवाडा लागतोच. त्यासाठी तक्रारीची सोय असते. तक्रारदाराने शर्यतीचा रीप्ले जोडून ठराविक मुदतीत अर्ज करावयाचा, आणि पंचांनी अनेक कोनांतून ते दृश्य पाहून निर्णय द्यावयाचा. लीगमधील पंचमंडळे वेळेची शिक्षा, पुढील शर्यतीत मागून सुरुवात किंवा निलंबन अशा शिक्षा देतात. मोठ्या स्पर्धांत शर्यत चालू असतानाच पंच काम करतात. रीप्ले हा न थकणारा साक्षीदार आहे, पण तो बहुधा सर्व्हरच्या नोंदीवरून बनलेला असतो, हे विसरता येत नाही.

अजिंक्यपदाची चढण या पायावर रचली जाते. आयरेसिंगमध्ये एक मोसम बारा आठवड्यांचा, आणि त्यांतील उत्तम आठ आठवड्यांचे गुण धरले जातात; शर्यतीचे गुण तिच्यातील स्पर्धकांच्या एकत्रित बळावर अवलंबून असतात. पात्रता मालिकांतून निवडलेले मोजके चालक जागतिक मालिकेत जातात. 'ग्रान टुरिस्मो'ने वेगळी वाट निवडली. २०१७ च्या 'ग्रान टुरिस्मो स्पोर्ट'मध्ये कौशल्याचे आणि खिलाडूवृत्तीचे अशी दोन मानांकने होती, आणि २०१८ पासून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, प्रमाणपत्रासह राष्ट्रांची व मोटार उत्पादकांची अशा दोन मालिका झाल्या. ऑनलाइन फेऱ्यांतून निवडलेले स्पर्धक अंतिम फेरीसाठी एका सभागृहात, सारख्याच यंत्रांवर, प्रेक्षकांसमोर बसविले गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मोनॅको येथे ब्राझीलचे इगोर फ्रागा पहिले राष्ट्रचषक विजेते ठरले. पुढे २०२० मध्ये त्यांनी न्यूझीलंडमधील टोयोटा रेसिंग मालिका खऱ्या मोटारीत जिंकली. घरोघरी विखुरलेल्या शर्यतीचा कळस अखेर एका छताखालीच बांधावा लागला, ही गोष्ट बोलकी आहे. सारखे यंत्र, शून्य अंतर आणि सामायिक दृष्टी यांवाचून सर्वोच्च निकालाला वजन येत नाही, असे संयोजकांनाही वाटले असावे.

चाकामागचा माणूस कोण?

२०२० च्या महामारीत प्रत्यक्ष शर्यती थांबल्या आणि नामवंत व्यावसायिक चालक सिम रेसिंगकडे वळले. जून २०२० मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत आभासी स्वरूपात झाली. या काळातील एका प्रकरणाने ऑनलाइन स्पर्धेचा सर्वांत नाजूक सांधा उघडा केला. मे २०२० मध्ये फॉर्म्युला ई या विद्युत मोटारींच्या मालिकेच्या आभासी शर्यतीत ऑडी संघाचे डॅनियल अब्ट तिसरे आले. नेहमीच्या मानाने ही कामगिरी फारच चांगली होती, आणि प्रतिस्पर्ध्यांनी शंका घेतली. चौकशीत निष्पन्न झाले की अब्ट यांच्या नावाने लोरेन्झ हॉर्झिंग हे सराईत सिम रेसर मोटार चालवीत होते. अब्ट अपात्र ठरले, त्यांना दहा हजार युरो धर्मादाय संस्थेस द्यावे लागले आणि ऑडीने त्यांना दूर केले. हा गमतीचा प्रकार होता, असा त्यांचा बचाव होता.

तोतया मल्ल हौद्यात उतरविणे कोल्हापुरात अशक्य आहे. पहिल्या बाकावरचा प्रेक्षक त्याला तालमीसकट ओळखेल. पडद्यामागे मात्र ओळख ही केवळ एक नोंद असते. म्हणूनच आयरेसिंगने प्रारंभापासून खऱ्या नावाचा आग्रह धरला, आणि मोठ्या स्पर्धांत चालकांच्या हातांवर व चेहऱ्यावर कॅमेरा ठेवला जाऊ लागला. दृष्टीआड गेलेला खेळ पुन्हा दृष्टीसमोर आणण्याचेच हे सारे प्रयत्न आहेत.

शर्यत, पैज आणि कायदा

प्रवेशशुल्क घेऊन बक्षीस देणारी स्पर्धा हा खेळ की जुगार, हा वाद मुंबई राज्याच्या न्यायालयीन इतिहासात जुना आहे. शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांवरून झालेल्या 'मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला' या १९५७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नशिबावरचा खेळ आणि कौशल्याचा खेळ यांत रेषा ओढली. १९९६ च्या लक्ष्मणन प्रकरणात घोड्यांची शर्यत कौशल्याच्या बाजूला गेली. बैलगाडी शर्यतीचा प्रवास निराळ्या कारणाने खडतर झाला. ७ मे २०१४ च्या निकालाने ती बंद झाली, २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. आता शर्यत भरवावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. लोकपरंपरा टिकली, पण लेखी नियमांच्या चौकटीत येऊन.

सिम रेसिंग उलट दिशेने आले आहे. त्याच्याकडे नियमांची चौकट आधीपासून होती, मान्यता नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-क्रीडा हा विषय क्रीडा विभागाकडे सोपविला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. चमारबागवाला खटल्यापासून चालत आलेली रेषा पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरती पुसली गेली. त्याच कायद्याने ई-क्रीडेला मात्र वेगळे स्थान दिले : पैज नसावी, निकाल कौशल्यावर ठरावा, शुल्क केवळ प्रवेशासाठी वा व्यवस्थेच्या खर्चासाठी असावे आणि कामगिरीनुसार बक्षीस द्यावे. मान्यता व नोंदणीची अटही आहे. मोठ्या संयोजकांना ही अट जाचक नाही. चार मित्रांनी सर्व्हर भाड्याने घेऊन, प्रत्येकी थोडे पैसे काढून चालविलेल्या लीगचा विचार करताना मात्र कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोण होते, हा प्रश्न उपस्थित होतो. या क्रीडाप्रकाराचा पाया अशाच लीगनी घातला होता.

२०२६ च्या आयची-नागोया आशियाई क्रीडास्पर्धांसाठी जाहीर झालेल्या ई-क्रीडांच्या यादीत 'ग्रान टुरिस्मो ७'चा समावेश झाला, तेव्हा राष्ट्रीय निवडीचा प्रश्नही पुढे आला. या खेळात भारताचा प्रतिनिधी ठरविण्याची शर्यत अखेर एका जपानी कंपनीच्या सर्व्हरच्या नोंदीवरच उभी राहते.

मैदानाचा मालक

येथे सर्वांत मूलभूत फरकाकडे यावे लागते. कुस्तीचा कोणी मालक नाही, फुटबॉलचाही नाही. पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्यात कितीही वाद झाले तरी चेंडू बनविणाऱ्या कंपनीला सामना बंद करता येत नाही. ऑनलाइन शर्यतीत मोटार, मार्ग, गुरुत्वाकर्षण, पंचाची साक्ष आणि खेळाडूचे मानांकन ही सारी एकाच कंपनीची मालमत्ता असते. एखाद्या आवृत्तीत टायरचे गणित बदलले की वर्षभराचा सराव निरुपयोगी होतो, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचे व्यासपीठ नसते.

ही भीती काल्पनिक नाही. युबिसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' या मोटारखेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले. पैसे देऊन घेतलेला खेळ त्यानंतर चालेनासा झाला, आणि युरोपात ग्राहकहक्कांची चळवळ उभी राहिली. एफआयएच्या प्रमाणपत्राने ज्यावर जागतिक विजेते ठरले, त्या 'ग्रान टुरिस्मो स्पोर्ट'ची ऑनलाइन सेवा त्यापूर्वीच, ३१ जानेवारी २०२४ रोजी थांबली. ऑक्टोबर २०१७ पासून मोजले तर ते मैदान जेमतेम सव्वासहा वर्षे अस्तित्वात होते. खासबागेने २०१२ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे यातून साधनांची अडचण उभी राहते. कुस्तीचा इतिहास लिहिताना दरबारी नोंदी, वर्तमानपत्रे, तालमींच्या भिंतींवरची छायाचित्रे आणि वृद्ध मल्लांच्या आठवणी हाताशी असतात. ऑनलाइन लीगची नियमपुस्तिका संयोजकाच्या संगणकात असते, गुणतक्ता भाड्याच्या संकेतस्थळावर असतो, आणि रीप्लेची फाइल त्या खेळाच्या त्याच आवृत्तीशिवाय उघडत नाही. भाडे थकले की तक्ता जातो, आवृत्ती बदलली की साक्ष जाते. जिल्ह्यातील महाविद्यालयांत आज शिकणाऱ्या मुलांपैकी जे अशा शर्यतींत उतरतात, त्यांच्याकडील नियमपत्रके व निकाल कागदावर उतरवून ग्रंथालयात ठेवणे आणि त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे एवढे तरी शक्य आहे. घोड्यांच्या शर्यतीचे मैदान गेल्यावर संभाजीनगर परिसरात निदान एका नाक्याला नाव मिळाले होते.